औंध : डोंगरावरची देवी, पायथ्याची राजधानी आणि चार तुकड्यांचे संस्थान

दक्षिण महाराष्ट्रातल्या छोट्या संस्थानांच्या राजधान्या जिथे वसल्या, तिथे त्या का वसल्या हे नकाशा पाहून बहुधा सांगता येते. सांगलीला कृष्णेचा काठ आणि सुपीक मळई आहे, भोरला नीरेचे खोरे आणि कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांचा शेजार आहे, सावंतवाडी वेंगुर्ल्याचे बंदर आणि बेळगाव यांना जोडणाऱ्या वाटेवर आहे, आणि जंजिऱ्याचे सारे महत्त्व समुद्रातल्या किल्ल्यातून आले आहे. औंधच्या बाबतीत असे एकही उत्तर मिळत नाही. मोठी नदी नाही, घाटाचे तोंड नाही, लढाऊ म्हणावा असा किल्ला नाही, आसपासच्या मुलखाचा माल ओढून घेणारी पेठ नाही आणि रेल्वेही गावापासून दूर राहिली. तरीही सुमारे शंभर वर्षे हे गाव पंतप्रतिनिधींच्या, म्हणजे छत्रपतींचे प्रतिनिधी म्हणून पद सांभाळणाऱ्या घराण्याच्या, संस्थानाची राजधानी होते, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे नाव त्याच्या आकाराच्या कितीतरी पट दूरवर पोहोचले होते. असे गाव राजधानी कसे झाले, राजधानीपणामुळे त्याला काय मिळाले आणि ते गेल्यावर गावाचे काय झाले, याचा हा अभ्यास आहे. (पुण्याचे उपनगर असलेल्या औंधाशी याचा संबंध नाही, हे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले औंध.)

जागा

महादेव डोंगररांगेचे फाटे सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात दक्षिणेकडे आणि आग्नेयेकडे उतरत जातात आणि त्यांच्यामध्ये रुंद, उथळ खोरी तयार होतात. औंध अशाच एका सुट्या, उंच डोंगराच्या पायथ्याला, येरळेच्या खोऱ्याच्या बाजूला वसले आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडत असताना खटाव-माणच्या पट्ट्यात तो सुमारे पाचशे मिलिमीटरवर येतो, म्हणजे एकाच जिल्ह्यात दहापटींहून अधिक फरक पडतो. औंध या पर्जन्यछायेत येते. ज्वारी, बाजरी, कडधान्ये आणि विहिरीच्या पाण्यावरचे थोडे बागाईत ही या मुलखाची जुनी शेती. अशा जमिनीवर मोठे शहर पोसले जात नाही, आणि औंध मोठे शहर कधी झालेही नाही.

या जागेत वेगळे आहे ते एकच, डोंगर आणि त्याच्या माथ्यावरचे यमाईचे ठाणे. त्याला मूळपीठ म्हणतात. माथ्यावरच्या देवळाभोवती किल्ल्यासारखा तट आहे, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ती गढीच वाटते, पण तो तट देवस्थानासाठी आहे. महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांची यमाई ही कुलदेवता आहे, आणि जोतिबाच्या कथेतही या देवीला आणि या डोंगराला स्थान आहे. पौषातल्या यात्रेला दूरदूरची माणसे येतात. राजधानी होण्यापूर्वीपासून औंधची ओळख ही अशी होती, आणि पुढे जे घडले त्याची किल्लीही इथेच आहे.

ज्या घराण्याने औंधला राजधानी केले, त्याचे मूळ गाव किन्हई. तेही सातारा जिल्ह्यातच, कोरेगावच्या बाजूला आहे, आणि तिथेही टेकडीवर यमाईचे देऊळ आहे. परशुराम त्रिंबक हे या घराण्याचे कर्ते पुरुष. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला निर्माण झालेले प्रतिनिधिपद पुढे त्यांच्याकडे आले आणि त्यांच्या वंशात टिकले. शाहूंच्या कारकिर्दीच्या आरंभी मात्र ताराबाईंचा पक्ष घेतल्याच्या कारणावरून त्यांना कैद भोगावी लागली. १७१३ च्या सुमारास खटावच्या कृष्णराव खटावकराने शाहूंविरुद्ध बंड मांडले, तेव्हा त्याच्यावर बाळाजी विश्वनाथांबरोबर गेलेल्या फौजेत परशुरामपंतांचे पुत्र श्रीपतराव होते. ही लढाई औंधच्याच परिसरात झाली, कृष्णराव मारला गेला, आणि श्रीपतरावांच्या पराक्रमामुळे वडिलांची सुटका झाली. म्हणजे या घराण्याच्या उत्कर्षाला औंधचे मैदान कारणीभूत झाले. पण त्या विजयानंतरही कोणी औंधला राजधानी थाटली नाही. प्रतिनिधी साताऱ्यात छत्रपतींच्या दरबारी राहत, आणि त्यांच्या जहागिरीचे खरे ठाणे होते कऱ्हाड.

कऱ्हाड सुटले, औंध उरले

कऱ्हाडशी तुलना केल्याशिवाय औंधची गोष्ट नीट उमगत नाही. कृष्णा आणि कोयना यांच्या प्रीतिसंगमावरचे हे गाव फार जुने आहे. काळी जमीन, बारमाही पाणी, चिपळूणकडे उतरणाऱ्या कुंभार्ली घाटाची वाट आणि उत्तर-दक्षिण रस्ता या सगळ्यांची तिथे गाठ पडते. कोणत्याही सत्ताधाऱ्याने राजधानीसाठी कऱ्हाडच निवडले असते, आणि प्रतिनिधींनीही तेच केले होते.

ते हातचे गेले ते राजकारणामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी परशुराम श्रीनिवास प्रतिनिधी आणि दुसरे बाजीराव यांच्यात उघड वैर आले. पेशव्यांच्या वतीने बापू गोखले चालून आले, प्रतिनिधी लढाईत जखमी होऊन कैद झाले आणि त्यांचा बहुतेक मुलूख जप्त झाला. त्यांच्या बाजूने वासोट्याचा किल्ला काही काळ लढवणारी ताई तेलीण लोकांच्या स्मरणात प्रतिनिधींपेक्षाही ठसठशीत राहिली. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी १८२० साली साताऱ्याच्या मोठ्या जहागीरदारांशी स्वतंत्र करार केले, त्यांत प्रतिनिधीही होते. त्यांचा मुलूख त्यांच्याकडे कायम झाला, पण जुन्या वैभवाचा तो एक अंशच होता. कऱ्हाडचे महत्त्वाचे ठाणे त्यांच्या राज्याचे केंद्र राहिले नाही, आणि १८४८-४९ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर तो सुपीक कृष्णाकाठ बव्हंशी ब्रिटिश सातारा जिल्ह्यात गेला. छत्रपतींचा दरबारच संपल्यामुळे साताऱ्यात राहण्याचेही प्रयोजन उरले नाही. या टप्प्यावर गादीचे गाव म्हणून औंध कायम झाले.

माझ्या मते ही निवड असण्यापेक्षा उरलेल्यातून आलेले उत्तर होते. हाती राहिलेल्या मुलखात संपत्तीच्या दृष्टीने औंधपेक्षा चांगल्या जागा होत्या, पण मान असलेली जागा हीच एक होती. ज्या घराण्याचे राजकीय वजन कमी झाले आहे, त्याला आपली सत्ता जुनी आहे हे लोकांना दाखवायचे असेल, तर कुलदेवतेच्या पायाशी वाडा असणे हा उत्तम पुरावा ठरतो. औंधच्या गावातल्या रचनेत हे आजही वाचता येते. राजवाडा आणि गावातले यमाईचे देऊळ एकमेकांना लागून आहेत, उंच दीपमाळ त्यांच्या पुढ्यात आहे, आणि जुनी वस्ती या जोडीभोवती जमली आहे. बाजारपेठेने गावाचा आकार ठरवला असता तर मधोमध चौक आणि त्यातून निघणारे रस्ते दिसले असते. इथे मधोमध देऊळ आणि वाडा आहेत, आणि मुख्य वाट त्यांच्यापासून डोंगराकडे जाते.

तुकड्यांचा नकाशा

औंध संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे पाचशे चौरस मैल होते, गावे बहात्तर होती आणि १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या चौसष्ट हजारांच्या घरात होती. हे आकडे लहान आहेतच, पण खरी अडचण त्यांच्या लहानपणात नव्हती. हा मुलूख सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे चार तालुके होते, आणि त्यांपैकी एकाचीही हद्द दुसऱ्याला म्हणावी तशी भिडत नव्हती. आटपाडी पूर्वेला माणदेशात, कुंडल दक्षिणेला कृष्णा-येरळेच्या मधल्या पट्ट्यात, तर गुणदाळ थेट विजापूरकडे कानडी मुलखात. औंधहून आटपाडीला किंवा कुंडलला जाणाऱ्या कारकुनाला ब्रिटिश सातारा जिल्ह्याचे तालुके ओलांडावे लागत, आणि गुणदाळला जायचे तर परक्या हद्दी मोजता मोजता वाट संपत नसे.

अशा संस्थानाच्या राजधानीला सलग पार्श्वभूमी नसते. राजधानी वाढते ती भोवतालच्या मुलखातून येणाऱ्या सारा, माल आणि माणसांवर. औंधभोवतीचा मुलूख बहुतेक ब्रिटिशांचा होता, त्याचे व्यवहार वडूज, पुसेसावळी, रहिमतपूर आणि कोरेगावकडे चालत. आटपाडीच्या शेतकऱ्याला औंधला बैलगाडी आणण्याचे काहीच कारण नव्हते. कोर्टाचे काम, दरबारातला अर्ज, शाळा किंवा देवीची यात्रा, एवढ्यासाठीच माणूस औंधला येई. त्यामुळे कारकून, शिक्षक, विद्यार्थी, पुजारी, कीर्तनकार, गवई आणि चित्रकार यांचे प्रमाण या गावात व्यापाऱ्यांपेक्षा ठळक राहिले.

शिक्षणाची वाटही याच तुकड्यांतून जाई. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळच्या माडगूळकर कुटुंबाचे उदाहरण बोलके आहे. वडील संस्थानच्या नोकरीत कारकून होते आणि ग. दि. माडगूळकरांचे शिक्षण कुंडल आणि औंध येथे झाले. माडगूळच्या मुलाला शिकायला कुंडल-औंध जवळ वाटावे हे भूगोलाला धरून नाही, पण संस्थानाच्या हद्दीला धरून आहे.

रेल्वे आणि दोन कारखाने

पुणे-मिरज रेल्वेमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला तेव्हा तो रहिमतपूर, कऱ्हाड, कुंडल रोड असा कृष्णेच्या खोऱ्याला धरून गेला. औंधचे सर्वात जवळचे स्थानक रहिमतपूर, आणि तेही बैलगाडीच्या चांगल्या मजलेवर. संस्थानच्या राजधानीला स्थानक मिळाले नाही, पण संस्थानच्या बाजूच्या तुकड्यांना मिळाले, आणि औंधच्या ऐतिहासिक भूगोलातली सर्वात महत्त्वाची घडामोड या एका गोष्टीतून घडली.

१९०९ साली भवानराव श्रीनिवासराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, गादीवर आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना संस्थानात बोलावले. लक्ष्मणरावांनी जागा निवडली ती औंधला नव्हे, कुंडल रोड स्थानकाजवळ. निवडुंगांनी आणि सापांनी भरलेला तो बत्तीस एकरांचा माळ होता. लोखंड, कोळसा आणि तयार नांगर ज्या वाटेने ये-जा करणार, ती वाट दारात असणे त्यांच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे होते. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि पुढे तिथून नांगर आणि पंपांबरोबर 'किर्लोस्कर' व 'स्त्री' ही मासिकेही महाराष्ट्रभर जाऊ लागली. ओगले बंधूंच्या काचकारखान्याचेही असेच. कऱ्हाड गावापासून काही अंतरावर असलेल्या कऱ्हाड स्थानकाजवळ, औंधच्या राजांच्या पाठबळावर, ओगलेवाडी वसली आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघर गेला.

एवढ्याशा संस्थानाच्या आश्रयाखाली दोन औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, आणि दोन्ही राजधानीपासून दूर, रुळांच्या कडेला. राजाचा आश्रय औंधहून निघत होता, पण भांडवल, कामगार, घरे आणि दुकाने वाढत होती ती दुसरीकडे. बाळासाहेबांना हे दिसत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. राजधानीत उद्योग आणण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही, हे त्यांच्या व्यवहारी बुद्धीचे लक्षण मानले पाहिजे. अनेक संस्थानिकांनी असे कारखाने वाड्याच्या नजरेसमोर हवेत म्हणून आडवाटेला नेले असते आणि ते बुडवले असते.

औंधला काय आले

उद्योग रुळांकडे गेल्यावर औंधला ज्या गोष्टी आल्या, त्यांना रेल्वे लागत नव्हती. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तन करीत, आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते. संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे होते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेला त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले, ही गोष्ट अभ्यासकांना ठाऊक आहे. १९१८ च्या सुमारास पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला येऊन राहिले आणि त्यांच्या स्वाध्याय मंडळाने तिथून वेदवाङ्मय छापून देशभर पाठवले. ग्रंथांचे गठ्ठे टपालाने जातात, त्यामुळे स्थानक दूर असल्याने फारसे बिघडले नाही. गायक अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, यांनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू केलेला संगीत उत्सव ही त्याच परंपरेतली भर, आणि ती आजवर टिकली आहे.

या साऱ्यात भूगोलाच्या दृष्टीने सर्वात लक्षणीय वास्तू म्हणजे श्री भवानी वस्तुसंग्रहालय. १९३८ मध्ये खुले झालेले हे संग्रहालय गावात किंवा वाड्याच्या आवारात नाही. ते मूळपीठाच्या डोंगरउतारावर, देवीला जाणाऱ्या वाटेवर आहे. राजा रविवर्म्याची चित्रे, धुरंधरांची कामे, पाश्चात्त्य चित्रे आणि शिल्पे, अगदी हेन्री मूरचे एक शिल्पही तिथे आहे. छपरातून येणारा उजेड चित्रांवर बेताने पडावा अशी दालनांची रचना केलेली आहे. खटावच्या कोरड्या माळावरच्या एका डोंगरावर आधुनिक इंग्रज शिल्पकाराचे काम ठेवण्यात राजाची हौस होती हे खरेच. पण जागा निवडताना त्याने हौसेपेक्षा हिशेब पाहिला असावा. औंधला गर्दी येते ती देवीसाठी, आणि ती गर्दी याच वाटेने जाते. मुंबई-पुण्याचा रसिक येईल न येईल, पण पौषातला यात्रेकरू तर येणारच होता.

राजधानीची सत्ता गावांकडे

चार तुकड्यांच्या संस्थानाचा कारभार एका आडबाजूच्या गावातून चालवणे कठीण होते, आणि त्यावरचे औंधचे उत्तर त्या काळात सर्वांहून वेगळे ठरले. १९३८ मध्ये बाळासाहेबांनी प्रजेला जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली, आणि गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली घटना २१ जानेवारी १९३९ रोजी अमलात आली. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन, म्हणजे भारतानंद, यांचा या कामात मोठा वाटा होता. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींमधून तालुका समिती बनायची आणि तिथून राजसभेवर सभासद जायचे, असा क्रम होता.

या प्रयोगाकडे लोक सहसा गांधीविचाराच्या बाजूने पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण नकाशा समोर ठेवला तर त्याची दुसरी बाजू दिसते. सलग मुलूख असलेल्या संस्थानात सत्ता राजधानीत एकवटणे सोयीचे असते. औंधमध्ये ते मुळातच गैरसोयीचे होते. गुणदाळच्या गावकऱ्याचा तंटा औंधला आणण्यापेक्षा त्याच्या गावात किंवा तालुक्यात मिटलेला दोघांनाही परवडणारा होता. विखुरलेपण हा दुबळेपणा होता, तोच या घटनेच्या कामी आला. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर, म्हणजे कैद्यांना उघड्या वसाहतीत शेती करून राहू देणारी प्रसिद्ध वसाहत, याच काळात आणि राजधानीपासून इतक्याच दूर उभी राहिली.

विखुरलेल्या हद्दींचा आणखी एक परिणाम १९४२ नंतर दिसला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे, म्हणजे ब्रिटिश सत्तेला समांतर चालवलेल्या भूमिगत सरकारचे, एक मोठे केंद्र कुंडल होते, आणि कुंडल औंधच्या हद्दीत होते. ब्रिटिश पोलिसांना संस्थानी हद्दीत मोकळेपणाने हात घालता येत नसे, आणि औंधचा दरबार या चळवळीकडे सहानुभूतीने पाहत होता. काही मैलांवर हद्द बदलते हे भूमिगतांना चांगलेच माहीत होते. कुंडल ब्रिटिश तासगाव तालुक्यात असते तर या चळवळीचा नकाशा थोडा वेगळा दिसला असता.

विलीनीकरणानंतर

१९४७ मध्ये औंध, भोर, फलटण, सांगली आदी काही संस्थानांनी मिळून दक्षिणी संस्थानांचा संघ करण्याचा प्रयत्न केला, पण तो फार काळ टिकला नाही. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीचा तडाखा सातारा जिल्ह्याला आणि संस्थानी मुलखाला बसला. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्यात जळाला. त्याच वर्षी सातवळेकरांनी औंध सोडले आणि ते गुजरातेतल्या पारडीला गेले. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले.

विलीनीकरणात मुलखाची वाटणी भूगोलाच्या नियमाने झाली, म्हणजे प्रत्येक तुकडा ज्या जिल्ह्याने वेढला होता त्या जिल्ह्यात गेला. औंध उत्तर साताऱ्यात राहिले. कुंडल आणि आटपाडी १९४९ मध्ये निघालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले, ज्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. गुणदाळ विजापूर जिल्ह्यात आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर त्या जिल्ह्याबरोबर म्हैसूर राज्यात गेले.

राजधानीच्या वाट्याला मात्र विचित्र परिस्थिती आली. औंध ज्या खटाव तालुक्यात गेले त्याचे मुख्य ठिकाण आधीपासून वडूज होते. सांगलीला जिल्हा मिळाला. भोर, फलटण आणि सावंतवाडी तालुक्याची ठिकाणे झाली. औंधला तेवढेही मिळाले नाही. ज्या आटपाडीचा कारभार एकेकाळी औंधहून चाले, ते आज तालुक्याचे गाव आहे आणि औंध नाही. कचेऱ्या गेल्या तेव्हा कारकून आणि वकीलही गेले, आणि बाजाराची जुनी सवय नसल्यामुळे त्यांची जागा घ्यायला व्यापारी वर्ग पुढे आला नाही. राहिले ते देऊळ, वाडा, शाळा-महाविद्यालय, संग्रहालय आणि संगीत उत्सव. यांपैकी यमाई संस्थानाच्या आधीपासून होती. बाकीचे बरेचसे पंतप्रतिनिधींच्या राजवटीत, आणि त्यातही मुख्यत्वे बाळासाहेबांच्या अडतीस वर्षांच्या कारकिर्दीत, गावाला मिळाले. पौषात यात्रा भरली की औंधला आजही अनेक जिल्ह्यांची माणसे उतरतात, आणि त्यांतली बरीच संग्रहालयाच्या दारावरून वर चढून जातात.